सिंहस्थातील सूर्यग्रहण आणि विज्ञानप्रसाराची तयारी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील सिंहस्थ कुंभमेळ्याचे पहिले अमृतस्नान सोमवार, 2 ऑगस्ट 2027 रोजी, आषाढ अमावास्येला होणार असल्याचे जाहीर झाले आहे. त्याच दिवशी सूर्यग्रहण आहे. इजिप्तमधील लक्सरच्या परिसरात ते खग्रास असेल आणि तेथे सूर्य सहा मिनिटांहून अधिक काळ पूर्ण झाकला जाईल. आपल्याकडे ते दुपारनंतर खंडग्रास दिसेल. सिंहस्थाच्या निमित्ताने रस्ते, घाट, वाहनतळ, पाणीपुरवठा आणि गोदावरीची स्वच्छता यांवर आपल्या दैनिकातून सातत्याने लिहिले जाते, आणि ते आवश्यकच आहे. मात्र त्या दिवशी गोदाकाठी जमणाऱ्या लाखो माणसांच्या आणि जिल्ह्यातील घराघरांतील माणसांच्या मनात ग्रहणाविषयी जे प्रश्न उठतील, त्यांना कोण, कोठे आणि कोणत्या भाषेत उत्तरे देणार, याची चर्चा अद्याप माझ्या वाचनात आलेली नाही. त्या तयारीविषयी, आणि एकूणच आपल्या जिल्ह्यात विज्ञान कोणापर्यंत पोहोचते व कोणापर्यंत पोहोचत नाही याविषयी, हे पत्र लिहीत आहे.

तयारीने काय फरक पडतो, हे या देशाने पाहिलेले आहे. 16 फेब्रुवारी 1980 च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी अनेक शहरांतले रस्ते ओस पडले होते; लोक दारे-खिडक्या लावून घरात बसले होते. पंधरा वर्षांनी, 24 ऑक्टोबर 1995 रोजी, राजस्थानातील नीम का थाना आणि बंगालमधील डायमंड हार्बर येथे ग्रहण पाहण्यासाठी गर्दी लोटली, दूरदर्शनने थेट प्रक्षेपण केले आणि सुरक्षित चष्मे घरोघरी चर्चेत आले. माणसे तीच होती. मधल्या काळात विज्ञान चळवळीतले कार्यकर्ते, शिक्षक आणि शास्त्रज्ञ गावोगावी फिरले होते, त्यांनी प्रात्यक्षिके दाखवली होती आणि प्रश्न ऐकून घेतले होते.

नाशिकमध्ये विज्ञानाचे कार्यक्रम होत नाहीत, असे मी म्हणणार नाही. महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण तारांगण आहे, शाळा-महाविद्यालयांत 28 फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा होतो, व्याख्याने होतात, प्रदर्शने भरतात. माझी हरकत वेगळी आहे. या कार्यक्रमांना येणारे चेहरे बहुतेक तेच असतात. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या परिसरातील सुशिक्षित कुटुंबे, इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील मुले आणि माझ्यासारखे निवृत्त शिक्षक. सुरगाण्याच्या मुलाला एसटीने शहरात येऊन कार्यक्रम पाहून परत जायचे तर त्याचा सारा दिवस जातो, आणि सोबत येणाऱ्या पालकाची मजुरी बुडते. सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या कामगाराला सकाळी अकराचे व्याख्यान उपयोगाचे नसते. 2011 च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे चौथा हिस्सा लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. पेठ-सुरगाण्यात कोकणा बोली आहे, बागलाण, मालेगाव, देवळा भागांत अहिराणी आहे, मालेगाव शहरात उर्दू आहे, कारखान्यांच्या वसाहतींत हिंदी आणि भोजपुरी आहे. एकाच प्रमाण मराठीतले, एकाच सभागृहातले भाषण या सगळ्यांचे होऊ शकत नाही.

यावर लगेच सुचवला जाणारा उपाय म्हणजे पत्रके भाषांतरित करणे. ते करावेच, पण तेवढ्याने फारसे साधणार नाही. सभागृहातला वक्ता स्वतःला महत्त्वाच्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. समोरच्या माणसाचा प्रश्न बहुतेक वेळा निराळा असतो. तो प्रश्न कोणता, हे त्या समाजात वावरल्याशिवाय कळत नाही.

सिकलसेलचे उदाहरण मला या संदर्भात सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या आदिवासी पट्ट्यात हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाला आरंभ झाला आणि 2047 पर्यंतचे उद्दिष्ट ठरले. रक्त तपासले जाते, कागद हातात मिळतो, त्यावर ‘वाहक’ असे लिहिलेले असते. त्या एका शब्दाने घरात काय होते, ते सांगायला तिथे कोणी थांबत नाही. मुलीचे रक्त खराब आहे, असे गावात पसरते आणि तिचे लग्न अडते. प्रत्यक्षात वाहक व्यक्ती सहसा पूर्ण निरोगी आयुष्य जगते. तिच्याकडे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बदललेली आणि एक नेहमीची असते. आजार होतो तो दोन्ही प्रती बदललेल्या असतील तेव्हा. ही एक बदललेली प्रत इतक्या लोकांमध्ये का टिकून राहिली, याचेही उत्तर विज्ञानाकडे आहे: ज्या प्रदेशांत हिवतापाचा प्रादुर्भाव पिढ्यान्पिढ्या होता, तेथे वाहक व्यक्तींना गंभीर हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळाले. म्हणजे ज्याला लोक रक्तातला दोष समजतात, ती त्यांच्या पूर्वजांना जगवणारी गोष्ट होती. हे एवढे जरी पाड्यावर नीट सांगितले गेले, तरी त्या कागदाची भीती आणि लाज बरीच कमी होईल.

दुसरा गैरसमज गणिताचा आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील तर मूल सिकलसेलग्रस्त होण्याची शक्यता चारांत एक असते, असे सांगितले जाते, आणि ऐकणारे कुटुंब असा अर्थ घेते की पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तिघे सुखरूप. येथे भाषण निरुपयोगी ठरते. आई आणि वडील म्हणून दोन वाट्या घ्याव्यात, प्रत्येकीत एक लाल (बदललेली प्रत) आणि एक पांढरे (नेहमीची प्रत) बी टाकावे, बायांना डोळे मिटून प्रत्येक वाटीतून एकेक बी उचलायला सांगावे आणि बिया परत वाटीत टाकून तोच खेळ वीस-पंचवीस वेळा करावा. कधी दोन लाल लागोपाठ येतात, कधी बराच वेळ येत नाहीत, आणि प्रत्येक गर्भारपणात खेळ नव्याने सुरू होतो हे कोणी न सांगता समजते. हे करायला प्रयोगशाळा लागत नाही. ज्या आशाताईला ती बोली येते आणि जिच्यावर त्या घरांचा विश्वास आहे, ती लागते. तिला शास्त्र नीट समजावून देणे, तिच्या शंका फेडणे आणि तिच्या वेळेचे मानधन देणे, हाच माझ्या मते विज्ञानप्रसाराचा सर्वांत मोलाचा खर्च आहे. नाशिकमध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून आहे. या कामासाठी याहून जवळचे ठिकाण दुसऱ्या कोणत्या जिल्ह्याला लाभणार?

शेतकऱ्यांच्या बाबतीत परिस्थिती जरा वेगळी आहे. निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार रोज विज्ञानातच वावरतो. डाऊनी हा वेलीवरचा रोग केव्हा येईल हे तो पानावरच्या ओलाव्यावरून आणि रात्रीच्या तापमानावरून ताडतो, घड ‘जीए’ या वाढसंजीवकाच्या द्रावणात बुडवण्यासाठी (डिपिंग) पाण्याचा पीएच तपासतो, फळातली साखर ब्रिक्समध्ये मोजतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात द्राक्षे अडली, तेव्हा ‘रेसिड्यू’ हा शब्द गावच्या पारावर आला आणि तेव्हापासून तो तेथेच आहे. या माणसाला अडाणी समजून विज्ञान शिकवायला जाणारा वक्ता पहिल्या पाच मिनिटांत श्रोते गमावतो, आणि ते योग्यच आहे.

लासलगावला मात्र संवाद अपुरा राहिला, असे मला वाटते. या शतकाच्या सुरुवातीला भाभा अणुसंशोधन केंद्राने तेथे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले. कोबाल्ट-60 मधून निघणारे गॅमा किरण कांद्याच्या आतल्या कोंबाच्या पेशींची वाढ थांबवतात, त्यामुळे साठवणीत कांद्याला मोड येत नाहीत. कांदा स्वतः किरणोत्सारी होत नाही. सूर्यप्रकाशात वाळवलेले धान्य जसे अंधारात प्रकाशत नाही, तसेच हे आहे. तरीही रेडिएशन मारलेला कांदा खावा की नाही, हा प्रश्न आजही बाजारात विचारला जातो. त्याहून व्यावहारिक प्रश्न शेतकऱ्याचा आहे: चाळीतला कांदा सडतो आणि वजनात घटतो, त्याचे काय? याचे प्रामाणिक उत्तर असे की विकिरण मोड रोखते. सड आणि घट रोखायला योग्य तापमान, हवा आणि काढणीनंतरची नीट सुकवणूक लागतेच. तंत्रज्ञानाची मर्यादा स्पष्ट सांगितली की शेतकरी त्याच्या फायद्यावरही विश्वास ठेवतो. बाजार समितीच्या आवारात, लिलाव संपल्यावरच्या वेळेत, हे बोलणे व्हायला हवे होते आणि अजूनही व्हायला हवे.

मालेगावविषयी थोडक्यात लिहितो. 2022 च्या अखेरीस मुंबई-भिवंडीबरोबर मालेगावातही गोवराचा उद्रेक झाला. गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या समूहात बारा ते अठरा जणांना लागण करू शकतो, आणि म्हणून शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लस मिळणे आवश्यक असते. यंत्रमागाच्या खडखडाटात दिवस काढणाऱ्या घरांपर्यंत हा हिशेब उर्दूत, आणि ज्यांचा शब्द तेथे मानला जातो अशा डॉक्टर, शिक्षक व मौलाना यांच्या तोंडून पोहोचला पाहिजे. ग्रहणाच्या बाबतीत तर तेथे चांगली सुरुवात उपलब्ध आहे. सूर्यग्रहणाच्या वेळी नमाज-ए-कुसूफ अदा करण्याची मुस्लिम परंपरा आहे, आणि ग्रहण कोणाच्याही जन्ममृत्यूमुळे लागत नाही, ही शिकवणही त्याच परंपरेत आहे. लोक त्या दुपारी एकत्र येणारच आहेत. शाळेतल्या विज्ञान शिक्षकाने सूर्याची प्रतिमा पडद्यावर दाखवण्याची सोय जवळच केली तर त्याला वेगळे निमंत्रण द्यावे लागणार नाही.

हिंदू भाविकांच्या संदर्भातही हीच दृष्टी ठेवावी, असे मला मनापासून वाटते. स्नान करू नका, असे सांगत रामकुंडावर उभा राहणारा विज्ञानप्रसारक कोणाच्याही कानी पडणार नाही. सिंहस्थ मुळात आकाशावरून ठरतो, हे सांगणारा मात्र ऐकला जाईल. गुरू सूर्याभोवतीची एक फेरी 11.86 वर्षांत पूर्ण करतो, म्हणून तो साधारण बारा वर्षांनी सिंह राशीत परत येतो. बारा वर्षांना ही फेरी थोडी कमी पडते, आणि ती तूट साठत जाऊन काही पिढ्यांनी एकदा कुंभाचे अंतर अकरा वर्षांचे होते. हरिद्वारचा कुंभ 2010 नंतर 2021 मध्ये झाला, तो यामुळेच. या वेळी 2026 च्या अखेरीस सिंह राशीत येणारा गुरू वक्री होऊन काही महिने कर्केत जातो आणि 2027 च्या पावसाळ्याच्या तोंडी पुन्हा सिंहेत येतो. तो खरोखर मागे फिरत नाही. आतल्या कक्षेतून वेगाने जाणारी आपली पृथ्वी त्याला मागे टाकते, तेव्हा तो तसा भासतो.

येथे आयोजकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अमृतस्नानांच्या महिन्यांत, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, गुरू आकाशात सूर्याच्या जवळ असेल आणि वर पावसाळी ढग असतील, त्यामुळे तेव्हा तो दाखवता येणार नाही. तो पाहण्याचा काळ त्याआधीचा आहे. फेब्रुवारी 2027 मध्ये गुरू आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला येईल, रात्रभर दिसेल, आणि हिवाळ्यापासून एप्रिलपर्यंत आपले आकाश बहुधा स्वच्छ असते. गॅलिलिओला जानेवारी 1610 मध्ये दिसलेले गुरूचे चार चंद्र आज अगदी लहान दुर्बिणीतूनही दिसतात, आणि दोन रात्री लागोपाठ पाहिले तर त्यांच्या जागा बदललेल्या आढळतात. ज्या गुरूसाठी लाखो लोक नाशिकला येणार, तो गुरू नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक तालुक्यातील माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी एकदा तरी पाहावा, ही अपेक्षा फार मोठी नाही. सुरगाणा आणि पेठचे अंधारे आकाश तर शहरातल्या कोणत्याही गच्चीपेक्षा सरस आहे. या एका बाबतीत शहरातल्या मुलांनी तिकडे जावे.

आणि जाताना ऐकण्याची तयारी ठेवावी. मृगाचा पाऊस, आर्द्रेचा पाऊस असे म्हणणारा शेतकरी सूर्य कोणत्या नक्षत्रात आहे, त्याचा हिशेब बोलत असतो. सप्तर्षीच्या चौकोनात खाटले पाहणाऱ्या आणि मागच्या तीन ताऱ्यांत ते पळवायला आलेले चोर पाहणाऱ्या कथा मध्य भारतातल्या आदिवासी समाजांत आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना मयंक वाहिया आणि त्यांचे सहकारी गणेश हलकारे यांनी गोंड समाजाच्या आकाशज्ञानाची शास्त्रशुद्ध नोंद केली आहे. आपल्या कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल समाजांतील वडीलधाऱ्यांकडून अशी नोंद शाळेतल्या मुलांनीच घ्यावी. ज्या कार्यक्रमात आजीला माहीत असलेले तारे आधी विचारले जातात, त्या कार्यक्रमाला आजीही येते.

हे होऊ शकते, याचा पुरावा नाशिक-पुणे रस्त्यावर नारायणगावजवळ खोडदला आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना असलेली जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण तेथे आहे, आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिचे आवार सर्वांसाठी खुले होते. आसपासच्या गावांतल्या शाळांची मुले आपले प्रयोग मांडतात, शेतकरी कुटुंबांसह येतात, शास्त्रज्ञ दिवसभर उभे राहून मराठीत उत्तरे देतात. आपल्याकडे ओझरला लढाऊ विमाने बनवणारा कारखाना आहे, अंबडला मायक्रॉनच्या अचूकतेने धातू कापणारे कारागीर आहेत. दुर्बिणीचा आरसा घासून तयार करायला अशाच हातांची गरज असते. या कारागिरांना प्रेक्षक म्हणून बोलावण्याऐवजी दुर्बिणी तयार करण्यासाठी बोलावले, तर प्रत्येक तालुक्याला एक दुर्बीण मिळणे अशक्य नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी 1912 मध्ये, आपल्या पहिल्या चित्रपटाच्याही आधी, वाटाण्याच्या रोपाची वाढ कॅमेऱ्यात टिपून दाखवली होती. विज्ञान डोळ्यांना दाखवण्याची ही परंपरा आपल्याच मातीतली आहे.

आता ग्रहणाच्या दिवसाकडे येतो. महानगरपालिका, जिल्हा परिषद, आरोग्य विद्यापीठ आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद मिरवणारे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांनी एक संयुक्त गट आताच नेमावा, आणि त्यात आशाताई, उर्दू शाळांचे शिक्षक, आश्रमशाळांचे शिक्षक, पुरोहित संघाचे प्रतिनिधी व कामगार यांना सुरुवातीपासून स्थान द्यावे. मजकूर शहरात लिहून तो शेवटी भाषांतराला पाठवण्याची पद्धत सोडावी. मुख्य मजकूर छोटा आहे. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही, त्यामुळे इजा होत असताना कळतही नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, परातीतल्या पाण्यातले प्रतिबिंब, यांपैकी काहीही सुरक्षित नाही. वेल्डिंगची 14 क्रमांकाची काच चालते, पण कारखान्यात रोज वापरली जाणारी काच बहुधा त्याहून फिकी असते, म्हणून अंबड-सातपूरच्या कामगारांना हा आकडा ठळकपणे सांगायला हवा. चाळणीच्या छिद्रांतून जमिनीवर पडणाऱ्या कवडशांत ग्रहण लागलेल्या सूर्याच्या डझनावारी प्रतिमा दिसतात. ही सोय प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. गर्भवतीच्या पोटातल्या बाळावर ग्रहणाचा परिणाम होत नाही, पण तिला आणि मधुमेहाच्या रुग्णाला तासन्‌तास उपाशी ठेवल्याने अपाय होऊ शकतो. हे वाक्य घरातल्या सासूने मान्य करायचे असेल तर ते दाईने किंवा अंगणवाडी सेविकेने सांगावे. चंद्र सूर्याला झाकतो म्हणून ग्रहण होते, हे आर्यभटाने इसवी सन 499 च्या सुमारास लिहून ठेवले आहे, याचीही आठवण घाटावर करून देता येईल.

ऑगस्टमध्ये नाशिकचे आकाश ढगाळ असण्याचीच शक्यता अधिक. 22 जुलै 2009 च्या ग्रहणात ढगांनी देशात अनेक ठिकाणी निराशा केली होती. म्हणून इजिप्तमधील खग्रास अवस्थेचे थेट प्रक्षेपण घाटांवरच्या, बसस्थानकांतल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या पडद्यांवर दाखवण्याची व्यवस्था करावी आणि त्याचे निवेदन मराठी, हिंदी, उर्दू, अहिराणी व कोकणा बोलीत व्हावे. हे निवेदक आजपासून तयार करायला घेतले तर वेळ पुरेसा आहे. पातळ ढगांतून सूर्य सौम्य दिसतो आणि लोक नेमके तेव्हाच नुसत्या डोळ्यांनी पाहतात, ही सूचना स्नानाच्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून वारंवार देण्याच्या यादीत आताच समाविष्ट करावी, अशी आपल्या दैनिकामार्फत प्रशासनाला माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
नाशिक रोड